यादी तपासणारा माणूस

छापखान्यात सगळे त्यांना स्वल्पविराम म्हणायचे. बोलता बोलता मध्येच थांबायची त्यांना सवय होती. ‘हे पान’ म्हणायचे, थांबायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि मग ‘पुन्हा काढावं लागेल’ म्हणायचे. तेवढ्या वेळात समोरचा पानं लावणारा ऑपरेटर स्वतःच पानावर चूक शोधायला लागायचा. सव्वीस वर्षं ते तिथे मुद्रितशोधक होते, म्हणजे छापण्याआधी प्रत्येक पान वाचून लाल पेनाने चुका दाखवणारे. खिडकीजवळ एक उतरतं टेबल, त्यावर पट्टी, भिंग आणि दोन लाल पेनं. एक लिहायचं, दुसरं ते ऐन वेळी दगा देईल म्हणून. हे सगळं मला त्यांच्या बायकोने फार उशिरा सांगितलं. माझी त्यांची ओळख झाली ती पडद्यावर, आणि बारा वर्षं ती पडद्यावरच राहिली.

पुस्तकाची पानं लावायचं एक सॉफ्टवेअर आहे. ते फुकट मिळतं, त्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो आणि सुधारताही येतो. जगभरातली माणसं आपापल्या मोकळ्या वेळात ते बनवतात. मी त्यात शिरले तेव्हा आम्ही तीसेक जण होतो, आज चार हजारांच्या वर आहोत. दिवसा मी एका विमा कंपनीत प्रोग्रॅम लिहिते. संध्याकाळी हे. माझ्याकडे तेव्हा मदतपुस्तिका होती, म्हणजे हे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणारी पानं.

छापखान्याच्या मालकांनी जुनं सॉफ्टवेअर नव्या मशीनवर चालेना म्हणून आमचं घातलं. आमच्यात तेव्हा एक खोड होती. तळटीप लांब असली की ती उडी मारून पुढच्या पानावर जायची आणि तिचा आकडा मागे एकटाच राहायचा. स्वल्पविरामांनी प्रत्येक ठिकाणी लाल गोल काढून पानं ऑपरेटरपुढे ठेवली. तो वैतागून म्हणाला, “काका, मला काय दाखवता? ज्यांनी बनवलंय त्यांना दाखवा ना!”

त्याने गंमत केली होती. यांनी ती मनावर घेतली. आठवड्याभराने मला एक मेल आली. अकरा पानांचे फोटो, प्रत्येकावर लाल खुणा, आणि खाली लिहिलेलं: “ता. क. तुमची मदतपुस्तिकाही वाचली. त्यात एक्केचाळीस चुका आहेत. यादी सोबत जोडली आहे. राग मानू नये.”

मी आधी हसले. मग यादी वाचली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बरोबर होत्या. त्यातली एक तर अशी की आम्ही लोकांना जे बटण दाबायला सांगत होतो, ते दोन वर्षांपूर्वीच काढून टाकलेलं होतं. दोन वर्षं लोक ते बटण शोधत बसले असतील.

तिथून ते आमचे झाले, आणि आमच्याकडेही त्यांनी स्वल्पविराम हेच टोपणनाव घेतलं. छापखाना सुटला की घरी जायचे आणि सहा ते आठ आमच्या कामाला बसायचे. पुस्तिका त्यांनी जवळजवळ नव्याने लिहून काढली. मग तक्रारी हातात घेतल्या. एकच बिघाड नऊ जण नऊ तऱ्हांनी कळवतात. ते त्या नऊ तक्रारी एकत्र बांधायचे, स्वतः करून बघायचे, आणि खाली लिहायचे ‘होते’ किंवा ‘होत नाही’, आणि नेमकं काय केलं की होते तेही. प्रोग्रॅमर लोक सहसा कुणाचं ऐकत नाहीत. पण तक्रार आली की ते पहिलं विचारायचे, “स्वल्पविरामांनी बघितलंय का? मग खरं असणार.”

आणि नवखी माणसं. मदतीच्या पानावर रोज कुणीतरी हातपाय गाळून यायचं. एकदा एक शाळेतल्या बाई आल्या. शाळेचा वार्षिक अंक करत होत्या, आणि फोटो घातला की मुलांच्या कविता गायब व्हायच्या. आमच्यातल्या कुणीतरी त्यांना ‘आधी पुस्तिका वाचा’ म्हणून झटकलं होतं. स्वल्पविराम त्यांच्यासोबत सहा दिवस राहिले, त्रेचाळीस निरोप झाले. शेवटी बाईंनी छापून आलेल्या अंकाचा फोटो टाकला. यांचं उत्तर: “मनापासून अभिनंदन. मुखपृष्ठावर तारीख राहिली आहे, पण ती आता कुणी बघणार नाही.”

आता माझी चूक सांगते.

आमच्याकडे प्रत्येक बदलाची नोंद राहते. कुणी केला, कधी केला, सगळं. पण ज्याच्या हातून बदल आत जातो त्याचं नाव लागतं. तो आत घालायची एक पद्धत आहे, दोन-तीन दिवस शिकावी लागते. स्वल्पविरामांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, “हे मला शिकता येईल का?” मी म्हटलं, “तुम्ही कशाला त्रास घेता? लाल खुणा करून मला पाठवा, मी घालते.” मी प्रेमानेच म्हटलं. शिकवत बसण्यापेक्षा स्वतः घालणं मला सोपंही होतं. सुरुवातीला मी प्रत्येक नोंदीखाली ‘चूक दाखवली: स्वल्पविराम’ असं लिहायचे. वर्षभरात तेही सुटलं. घाईत सुटलं, मुद्दाम नाही. पण सुटलं.

पुढे आमचा पसारा वाढला, तशी भांडणंही वाढली. दर वर्षी आम्ही योगदान देणाऱ्यांची एक मानाची यादी काढायचो. ज्यांची नावं त्यात, त्यांना वार्षिक मेळाव्याचं निमंत्रण जायचं. ती यादी चार-पाच जुने लोक बसून ठरवायचे आणि साहजिकच त्यात त्यांच्या मित्रांची वर्णी लागायची. एका वर्षी फारच बोंब झाली. सॉफ्टवेअरचा कारभार बघणाऱ्या समितीने मला बोलावलं आणि सांगितलं, “तू कुणाच्याच गटातली नाहीस. एकदाचा काहीतरी न्याय्य मार्ग काढ.”

मी काढला. एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. वर्षभरात कुणाच्या नावावर किती बदल आहेत ते तो मोजायचा आणि ठरावीक आकड्यापुढचे सगळे यादीत घालायचा. वशिला नाही, ओळख नाही, आपला-परका नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. सगळ्यांनी पाठ थोपटली. पहिली यादी आली तीनशे बारा नावांची. माझं नाव नववं होतं.

नववं. मी त्या वर्षी स्वतःच्या डोक्याने फार तर साठ बदल केले असतील. बाकीचे सातशे-आठशे कुठून आले, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. आकडा आपल्या बाजूचा असला की माणूस तो दुसऱ्यांदा मोजत नाही.

आणि छापायच्या आधी ती यादी मी कुणाला तपासायला पाठवली असेल? त्यांनाच. आमच्याकडचा प्रत्येक मजकूर त्यांच्याकडूनच जायचा, मी विचारही केला नाही. दुसऱ्या दिवशी यादी परत आली. सतरा नावांचं लेखन दुरुस्त केलेलं. दोन जण वेगवेगळे दाखवले होते ते एकच आहेत, हे सप्रमाण दाखवलेलं. आणि अगदी शेवटी, तीनशे बाराव्या नावानंतर, समासात एक लाल प्रश्नचिन्ह. मला वाटलं, चुकून हात लागला असेल. मी ते सोडून बाकी सगळ्या दुरुस्त्या घातल्या आणि यादी प्रसिद्ध केली.

त्या वर्षीच्या मेळाव्यात मी व्यासपीठावर गेले. मोठं सभागृह, खुर्च्या भरलेल्या, गळ्यात नावाचे बिल्ले. ‘योगदानाची न्याय्य दखल’ असा माझ्या भाषणाचा विषय होता. मी पडद्यावर आलेख दाखवले. टाळ्या पडल्या. मी परत आले त्या संध्याकाळी मदतीच्या पानावर बघितलं, तर स्वल्पविराम एका नवख्या माणसाला समास कसा वाढवायचा ते समजावत होते.

असं तीन वर्षं चाललं. तीन याद्या, तिन्ही त्यांनी तपासल्या. पहिल्यानंतर प्रश्नचिन्ह आलं नाही.

मग छापखाना बंद झाला. मालक थकले, मुलांना धंद्यात रस नव्हता. सत्तावन्नाव्या वर्षी स्वल्पविराम घरी बसले. एका प्रकाशनसंस्थेत जागा निघाली. संस्थेला आमचंच सॉफ्टवेअर आतून-बाहेरून माहीत असलेला माणूस हवा होता. याहून चांगला माणूस त्यांना कुठे मिळणार होता? तिथल्या व्यवस्थापकांनी मात्र विचारलं, “बारा वर्षं काम केलंत म्हणता, तर कुठे दिसतं ते?”

तेव्हा स्वल्पविरामांनी मला मेल केली. बारा वर्षांत स्वतःसाठी काही मागितलं ते तेवढंच. “माझ्या कामाबद्दल दोन ओळींचं पत्र मिळाल्यास उपकार होतील. शुक्रवारपर्यंत मिळालं तर बरं.”

मी लगेच उत्तर दिलं, “दोन ओळी काय, दोन पानं लिहिते!” आणि कामाला लागले. पत्राच्या नाही, मेळाव्याच्या. पुढच्या मेळाव्याला पंधरा दिवस उरले होते, निमंत्रणं, जागा, वक्ते, माझ्या डोक्याचा भुगा झाला होता. शुक्रवार गेला. पत्र लिहिलं पुढच्या गुरुवारी. दोन पानांचं, मनापासून लिहिलेलं. त्यांचं उत्तर तासाभरात आलं:

“पत्र फार सुंदर आहे. जागा सोमवारी भरली गेली, त्यामुळे आता लागणार नाही, पण जपून ठेवीन. दुसऱ्या परिच्छेदात ‘पुनरर्चना’ झालं आहे, तिथे ‘पुनर्रचना’ हवं.”

मी माफी मागितली. त्यांनी ‘हरकत नाही’ लिहिलं. पुढचे काही आठवडे ते मदतीच्या पानावर दिसत होते. मग एक दिवसाआड, मग कधीतरी, मग नाहीच. गाजावाजा नाही, निरोपाचं पत्र नाही. आम्हाला कळलं ते दोन महिन्यांनी, जेव्हा उत्तर न मिळालेले प्रश्न पाचशेवर गेले आणि प्रोग्रॅमर ओरडायला लागले की एकाच बिघाडाच्या वीस-वीस तक्रारी येताहेत, कुणी बघत का नाही?

समितीच्या बैठकीत एक जण म्हणाला, “हे काम आधी कोण करत होतं?”

मी नाव सांगितलं. त्याने मानाच्या यादीत शोधलं. “या नावाचं कुणी नाही इथे.”

त्या शनिवार-रविवारी मी सगळ्या जुन्या मेल काढल्या. त्यांच्या लाल खुणा एका बाजूला, नोंदी दुसऱ्या बाजूला. माझ्या नावावरचे सहा हजारांहून जास्त बदल त्यांचे होते. मदतीच्या पानावरची उत्तरं नऊ हजार. मी माझ्याच प्रोग्रॅमला त्यांच्या नावाचा आकडा विचारला. त्याने शून्य दाखवलं. तो बिचारा खोटं बोलत नव्हता. त्याला जे मोजायला शिकवलं होतं ते त्याने चोख मोजलं होतं. आणि मग ते लाल प्रश्नचिन्ह आठवलं, आणि मला बसवेना.

पत्ता मला त्यांच्या जुन्या मेलमधून मिळाला. आमची गावं रेल्वेने चार तासांच्या अंतरावर होती. बारा वर्षांत मी तीन परदेशी मेळाव्यांना जाऊन आले होते, आणि चार तासांवर कधी गेले नव्हते.

दुसऱ्या मजल्यावरचं घर. जिन्यात कुणाची तरी सायकल, दारावर पितळी कडी. दार त्यांच्या बायकोने, काकूंनी उघडलं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, “अच्छा, त्या तुम्ही.” त्यात राग नव्हता, पण आनंदही नव्हता. ते अजून कामावरून यायचे होते. आता एका औषधाच्या खोक्यांच्या कारखान्यात खोक्यांवरचा मजकूर तपासत होते. “मुंगीएवढी अक्षरं असतात,” काकू म्हणाल्या. “डोळ्यांत औषध घालावं लागतं रोज.” त्यांनी मला छापखान्यातलं टेबल, ते टोपणनाव कसं पडलं, सगळं सांगितलं ते त्या अर्ध्या तासात. मग चहाचा कप पुढे करत म्हणाल्या, “बारा वर्षं यांची संध्याकाळ तुमच्याकडे होती. मी म्हणायचे, अहो, फिरायला येताय का? तर म्हणायचे, एका बाईंचं अडलंय. मी म्हणायचे, अडू दे. पण मला बरंही वाटायचं. कुणाचं तरी अडतं आपल्या माणसावाचून.” त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. “यादी आली की मला दाखवायचे. मी म्हणायचे, तुमचं कुठाय? तर म्हणायचे, पुढच्या वर्षी येईल.”

ते आले. माझ्या कल्पनेपेक्षा उंच, किंचित वाकलेले. काकूंनी मी कोण ते सांगितलं, तसे दारातच थांबले, चष्मा वर केला. “ताई,” म्हणाले, आणि नंतर बऱ्याच वेळाने, “एवढ्या लांब?”

मी मनात जुळवून आणलेलं सगळं विसरले. एकदम विचारलं, “काका, पहिल्या यादीत तुमचं नाव नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं ना?”

“आलं की. पहिल्याच वाचनात.”

“मग बोलला का नाहीत?”

“मुद्रितशोधकाने मजकुरात भर घालायची नसते,” ते म्हणाले. “असलेलं नीट करायचं. काही राहिलंय अशी शंका आली, तर समासात प्रश्नचिन्ह घालायचं. मग ज्याचा मजकूर आहे त्याने बघायचं.” ते खाली बघत होते. “मी घातलं होतं.”

“मला वाटलं, चुकून हात लागला.”

ते हसले, खरंच हसले. “सव्वीस वर्षांत माझा हात चुकून लागलेला नाही ताई.”

मी त्यांना सांगितलं की मी नोंदी बदलायचा प्रयत्न केला. पण आमच्या पद्धतीत जुनी नोंद बदलता येत नाही. एक बदलली तर तिच्यापुढच्या सगळ्या मोडतात. म्हणजे ते सहा हजार बदल कायम माझ्याच नावावर राहणार. सोबत फक्त एक टीप जोडता येईल. टिपेचा मसुदा मी आणला होता. त्यांनी तो वाचला, लाल पेन न काढता. “चालेल,” म्हणाले.

“तुम्हाला राग आला असेल.”

“नाही हो. राग येण्यासारखं काय? तुम्ही वाईट नाही केलंत काही.” त्यांनी मसुद्याची नीट घडी घातली. काकू आत भांडी आवरत होत्या. “पण त्या प्रकाशनवाल्याने विचारलं ना, कुठे दिसतं, तेव्हा मी त्याच्यासमोर कॉम्प्युटरवर शोधलं. म्हटलं, असेल कुठेतरी. त्याने खुर्ची जवळ ओढली, तोही शोधायला लागला. चांगला माणूस होता. दहा मिनिटं शोधत होतो आम्ही दोघं. मग तो म्हणाला, राहू द्या. त्यानंतर मी इथे बसायचो संध्याकाळी, मशीन चालू करायचो, पण हात चालायचा नाही.”

“परत याल का?” मी विचारलं. “आता सगळं बदललंय. बदल आत कुणी घातला, चूक कुणी दाखवली, तपासलं कुणी, उत्तर कुणी दिलं, सगळ्यांची नावं लागतात. मी स्वतः बसून—”

“चांगलं केलंत,” ते म्हणाले. “फार चांगलं. बाकीच्यांना होईल उपयोग.” आणि मग, “आता आम्ही दोघं फिरायला जातो सहाला. नदीपर्यंत.” आतून काकू म्हणाल्या, “आज उशीर झालाय, पण जाऊ.” मी ते समजून उठले.

नव्या पद्धतीने, सुरुवातीपासूनचं सगळं धरून काढलेल्या यादीत आधी कधीच न दिसलेली दोनशे अकरा नावं आली. कुणी भाषांतर करणारं, कुणी फक्त नव्या माणसांचं स्वागत करणारं, एक तर सहा वर्षं आमचा सर्व्हर बंद पडला की कळवणारा, ज्याचे आम्ही कधी आभारही मानले नव्हते. त्यातले एकशे चाळीस जण मेल पाठवल्यावर सापडले. बाकीच्यांचे पत्ते बंद होते. ते केव्हा निघून गेले, आम्हाला माहीत नाही. स्वल्पविरामांचं नाव त्यांच्या खऱ्या नावाने लागलं. मेळाव्याचं निमंत्रणही गेलं, दोघांच्या नावाने. त्यांनी आभार मानून कळवलं की त्याच दिवसांत काकूंच्या बहिणीकडे जायचं ठरलं आहे.

माझ्या सहा हजार बदलांखाली टीप आहे. ती कुणी मुद्दाम उघडली तरच दिसते. मी यादीत अजून वरच आहे, कारण जुने आकडे तसेच आहेत. मी समितीला सांगितलं की मला काढा. ते म्हणाले, नियमात तशी सोय नाही. नियम मीच लिहिला होता.

आता मदतीच्या पानावर आम्ही तिघं आळीपाळीने बसतो. गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या कवींना ओळींचं अंतर जमत नव्हतं. माझे आठ निरोप झाले आणि माझा धीर सुटला, मी त्यांना पुस्तिकेचं पान पाठवून मोकळी झाले. त्यांनी ‘आभारी आहे’ लिहिलं आणि परत काही विचारलं नाही. त्यांचं जमलं की नाही, मला कळलं नाही. मी दोनदा विचारलं, पण उत्तर आलेलं नाही.